अर्धं पुसलेलं चित्र

आज ज्या बाईंविषयी लिहायला बसले आहे, त्यांचा एकही प्रयोग मी पाहिलेला नाही. त्या न्यूयॉर्कच्या, आणि मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल आणि मराठी शिकवलेली बाई. त्यात त्यांची कला अशी, की ती समोर घडते आणि घडता घडताच संपते. मागे उरतात फोटो, काही चित्रफिती आणि पुस्तकं. मला त्या भेटल्या पुस्तकांतूनच. नाव जोन जोनस. ‘हे कुठलं नवीन खूळ काढलं बाईंनी?’ असं वाटलं तर जरा धीर धरा. शेवटी मी माझ्या फळ्या-खडूपाशीच येणार आहे.

तर झालं असं. २०२५ च्या उन्हाळ्यात मी चार महिने भाचीकडे राहायला गेले होते. ती बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावात राहते आणि तिथल्या एका ग्रंथालयात नोकरी करते. सकाळी ती गेली की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. पोळ्या करून होत, कपड्यांच्या घड्या होत, खिडकीतून खारी बघून होत, तरी दिवस उरायचाच. तिच्या टेबलावर कायम पुस्तकांची चळत असते. त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक मी एका दुपारी सहज उघडलं. त्याचं नाव ‘इन द शॅडो अ शॅडो’, आपण ‘सावलीतली सावली’ म्हणू. जोन सायमन या बाईंनी संपादित केलेलं, २०१५ साली निघालेलं. चाळता चाळता एका पानावर थबकले. एक बाई काळ्या फळ्यावर खडूने काहीतरी काढत होती. बाकी काही कळलं नाही, पण फळा आणि खडू कळला. मी चष्मा शोधायला उठले.

माझं बीए मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचता येतं, पण शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यातून कलासमीक्षकांचं इंग्रजी म्हणजे एकेका वाक्यात तीन-तीन वळणं, आणि वळणाच्या शेवटी पुन्हा सुरुवातीला आल्यासारखं वाटतं. पहिले आठ दिवस मी फक्त चित्रं आणि सनावळ्या वाचल्या. भूगोलाच्या शिक्षिकेला इतिहासही शिकवावा लागतो, त्यामुळे सनावळ्यांची सवय आहे.

जोनसबाईंचा जन्म १९३६ चा, न्यूयॉर्कमधला. कॉलेजात कलेचा इतिहास शिकल्या, मग शिल्पकला, आणि १९६५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदवी. म्हणजे रीतसर शिल्पकार व्हायचं. पण त्या काळात न्यूयॉर्कमध्ये ट्रिशा ब्राउन, इव्हॉन रेनर अशा नर्तकी वेगळंच काही करत होत्या. चालणं, वाकणं, ओझं उचलणं अशा रोजच्या हालचालींनाच त्या नृत्य म्हणत. त्यांच्या कार्यशाळांना जाऊन जाऊन या बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला दगड-मातीपेक्षा जागा, माणसं आणि वेळ यांच्याशी काम करायचं आहे. १९६८ पासून त्या प्रयोग करू लागल्या. नाटक म्हणावं तर गोष्ट नाही, नाच म्हणावा तर ताल नाही. याला आता परफॉर्मन्स आर्ट म्हणतात, आणि जोनसबाईंचं नाव त्यात आणि व्हिडिओ कलेत अगदी पहिल्या काहींमध्ये घेतात.

१९६८ चाच त्यांचा एक छोटा मूकपट आहे, ‘विंड’, म्हणजे वारा. लाँग आयलंडचा समुद्रकिनारा, कडाक्याची थंडी, आणि काही माणसं वाऱ्याशी झुंजत कोट घालताहेत, काढताहेत, एकमेकांना धरून पुढे सरकताहेत. वारा ढकलतो, ती मागे जातात. पाच-साडेपाच मिनिटांचा खेळ. वारा दिसत नाही, कपड्यांवरून आणि वाकलेल्या अंगांवरून दिसतो. मला सातवीच्या वर्गाला ‘वारे’ शिकवतानाची कसरत आठवली. भूभारे, समभार रेषा सगळं सांगून झाल्यावर मी खिडकी उघडून म्हणायचे, ‘ती निरगुडी बघा कशी वाकली आहे.’ तेवढंच मुलांच्या लक्षात राहायचं.

मग १९७० च्या सुमाराचे किनाऱ्यावरचे प्रयोग. प्रेक्षक बरेच लांब उभे, आणि तिकडे दूरवर एक माणूस लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटतो. हात आपटलेले आधी दिसतात, आवाज मागाहून येतो. पुढे १९७२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रेक्षकांना एका इमारतीच्या गच्चीवर उभं केलं आणि खाली मोकळ्या पडलेल्या जागांवर, नदीपर्यंत, हाच खेळ मांडला. त्याचं नाव ‘डिले डिले’, उशीर उशीर. हे वाचलं आणि मी एकटीच हसले. आपल्याकडे नदीच्या पलीकडच्या काठावर धुणं धुणारी बाई ज्याने बघितली आहे त्याला हे ठाऊक आहे. धुणं दगडावर आपटून पुन्हा वर उचललं जातं, आणि मग ‘थप्’ ऐकू येतं. आम्ही ते प्रकाशाचा आणि आवाजाचा वेग म्हणून शिकवलं आणि दोन गुणांचा प्रश्न केला. बाईंनी त्यातलं बघणं आणि ऐकणं वेगवेगळं करून लोकांसमोर ठेवलं.

सगळंच असं आवडलं असं नाही, हेही सांगते. १९७० चा एक प्रयोग आहे, त्यात त्या विवस्त्र उभ्या राहून हातातल्या लहान आरशात स्वतःचं अंग टीचभर टीचभर करून न्याहाळतात. मी पटकन पान उलटलं. घरात कुणी नव्हतं तरी उलटलं! दोन दिवसांनी पुन्हा त्या पानावर आले. मग लक्षात आलं, की आरशात जे दिसतं आहे ते फक्त त्यांनाच दिसतं आहे. प्रेक्षकाला बाई दिसते, पण तिला काय दिसतं ते दिसत नाही. बाईच्या अंगाकडे बघायचा हक्क नेहमी दुसऱ्यांचा असतो, इथे तो तिने स्वतःकडे घेतला आहे. पटलं की नाही ते अजून ठरवते आहे. पण पान उलटायची घाई आता होत नाही.

१९७० मध्येच त्या जपानला गेल्या. तिथे त्यांनी नो नाटकं पाहिली. मुखवटे, संथ चाल, लाकडी ठोकळ्यांचा आवाज. आणि येताना सोनी कंपनीचा पोर्टापॅक विकत घेतला. पोर्टापॅक म्हणजे एकट्या माणसाला खांद्यावर घेऊन फिरता येईल असा व्हिडिओ कॅमेरा आणि रेकॉर्डर. तोवर असलं यंत्र टीव्ही केंद्रांच्याच ताब्यात असे. आता एक बाई आपल्या खोलीत कॅमेरा लावून, समोरच्या टीव्हीत स्वतःला त्याच क्षणी बघू शकत होती. आरशासारखं, पण आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो आणि हा दाखवत नाही. त्या खोलीत त्यांनी मुखवटा चढवला, पिसांचा मुकुट घातला आणि एक दुसरीच बाई तयार केली. तिचं नाव ऑरगॅनिक हनी, म्हणजे सेंद्रिय मध. १९७२ मध्ये हाच प्रयोग लोकांसमोर झाला. रंगमंचावर त्या स्वतः, त्यांच्यावर कॅमेरा, आणि शेजारच्या टीव्हीत त्याच वेळी त्यांचा फक्त एक तुकडा. माणूस पूर्ण समोर असताना त्याचा तुकडा बघायचा, असं सगळं.

त्याच वर्षीची ‘व्हर्टिकल रोल’ ही वीसेक मिनिटांची फीत मात्र मी पाहिली, भाचीने संगणकावर लावून दिली. मंडळी, तुमच्यापैकी जी माझ्या वयाची आहेत त्यांना हे एका वाक्यात कळेल. टीव्हीवर चित्र खालून वर पळत सुटायचं ना? मध्ये काळा पट्टा यायचा, पुन्हा चित्र, पुन्हा पट्टा. मग मागचं बटण पिरगाळायचं, नाहीतर डोक्यावर एक थाप. तो बिघाड बाईंनी दुरुस्तच केला नाही. चित्र तसंच पळू दिलं आणि पट्ट्याच्या तालावर आधी चमचा आपटला, मग ठोकळे. पाय, हात, मुखवटा, सगळं पट्ट्यापट्ट्याने पळतं. आणि अगदी शेवटी त्या पळणाऱ्या पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये त्यांचा खरा चेहरा हळूच येतो. तो पळत नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. म्हणजे आपल्याकडे टीव्ही यायचा होता त्याच वर्षी तिकडे एका बाईने त्याच्या बिघाडाचं हे केलं होतं! मला ते वीस मिनिटं सहन झालं असं म्हणणार नाही, डोकं दुखलं. पण शेवटचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

एवढं होईपर्यंत भाचीला माझ्या उद्योगाची कल्पना आली होती. ती एक दिवस ग्रंथालयातून एक जुनं पुस्तक घेऊन आली. म्हणाली, “मावशी, हे बघ, यात तुझ्यासारखं काहीतरी आहे.” ते १९८३ चं, बर्कलीच्या विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाने काढलेलं, डग्लस क्रिम्प यांनी संपादित केलेलं. नाव ‘स्क्रिप्ट्स अँड डिस्क्रिप्शन्स’. १९६८ ते १९८२ पर्यंतच्या प्रयोगांच्या संहिता आणि वर्णनं. प्रयोगात काय वस्तू होत्या, कोण कुठे उभं होतं, आधी काय, मग काय. यात समीक्षकांची वळणं कमी आणि साधी, कोरडी वाक्यं जास्त. मला शब्दकोशाची गरज फारशी पडली नाही.

तुझ्यासारखं म्हणजे काय, हे मला पहिल्या दहा पानांतच कळलं. हे तर टाचण! ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना टाचण म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. उद्या वर्गात काय शिकवणार ते शिक्षकाने आदल्या दिवशी वहीत लिहायचं. घटक, उद्देश, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावनेचे प्रश्न, फलकलेखन, गृहपाठ. मुख्याध्यापकांनी त्यावर सही करायची. आम्ही त्याला कंटाळलेलो असायचो. पुष्कळदा मागच्या वर्षीचंच उतरवून काढायचो. मी २००९ साली निवृत्त झाले तेव्हा पस्तीस वर्षांच्या वह्यांनी माळ्यावरची एक ट्रंक भरलेली होती. घर रंगवायला काढलं तेव्हा मी त्या रद्दीत दिल्या. अठरा किलो भरल्या. यजमान म्हणाले होते, “एखादी तरी ठेव.” मी म्हटलं, “काय करायच्यात? शिकवून झालं ते झालं.”

केंब्रिजच्या त्या खोलीत जोनसबाईंचं टाचण वाचताना पहिल्यांदा मला त्या अठरा किलोंचं वाईट वाटलं. त्यांनी आपलं काम जपण्याजोगं मानलं आणि मी मानलं नाही, एवढंच. त्यांचं काम थोर आणि माझं किरकोळ, हे मला मान्य आहे. पण समोर माणसं बसवून, हातात काही वस्तू घेऊन, ठरावीक वेळात काहीतरी घडवायचं आणि घंटा झाली की ते पुसलं जाणार, हे तर आम्ही दोघींनी केलं. त्याही पुढे शिक्षिकाच झाल्या. याच केंब्रिजमधल्या एमआयटीत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं.

पण मग दुसरा विचार आला. वह्या असत्या तरी त्यांत काय होतं? ‘फलकलेखन : महाराष्ट्राचा नकाशा.’ बस. तो नकाशा कसा काढला, वर्ग कसा गप्प झाला, यातलं काहीच नाही. जोनसबाईंच्या पुस्तकातही तेच. ‘मग ती आरसा उचलते आणि प्रेक्षकांकडे वळवते’ असं लिहिलेलं असलं तरी आरशात स्वतःचा चेहरा अचानक बघून दचकलेला माणूस त्या वाक्यात नाही. पुस्तकाला हे माहीत आहे. क्रिम्प यांचं पुस्तक असो, सायमनबाईंचं असो, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये २०२४ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाचं, सगळ्यांत फोटो, संहिता, चित्रं, आठवणी शेजारी शेजारी ठेवून त्या हरवलेल्या गोष्टीला चहूबाजूंनी हात लावायचा प्रयत्न आहे.

आणखी एक गोष्ट मला सनावळ्यांतच दिसली. त्यांच्या कामांपुढे एक साल नसतं, दोन-तीन असतात. ‘मिराज’, म्हणजे मृगजळ, या कामापुढे १९७६/१९९४/२००५ असं छापलेलं. आधी वाटलं छपाईची चूक. मग कळलं, की प्रयोग झाला १९७६ ला. पुढे १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या श्टेडेलिक संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांनी जुन्या प्रयोगांच्या वस्तू, चित्रफिती, फळे असं सगळं एकेका दालनात नव्याने मांडलं, आणि नंतर पुन्हा बदललं. म्हणजे त्या स्वतःचं जुनं काम काचेच्या कपाटात ठेवत नाहीत, पुन्हा हातात घेतात. माझाही नकाशा असाच की! मी १९७४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली, मग मुंबई उपनगर, वाशिम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया. निवृत्त होताना ३५. बाहेरची रेघ तीच, आतल्या रेघा दर काही वर्षांनी पुसून नव्या.

आता ‘मिराज’विषयी, कारण मला थांबवलं होतं ते त्याच पानाने. त्यात ज्वालामुखीच्या उद्रेकांच्या फिती आहेत, पत्र्याचे लांब शंकू आहेत, आणि बाई फळ्यावर खडूने चित्र काढतात, पुसतात, पुन्हा काढतात, पुन्हा पुसतात. यामागे त्यांनी वाचलेली एक गोष्ट आहे. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाची बेटं आहेत. पूर्वी त्यांना न्यू हेब्रिडीज म्हणत, आमच्या जुन्या नकाशांत तेच नाव होतं. त्यांतल्या मालेकुला बेटावर असं मानत, की मेलेल्या माणसाचा जीव पलीकडच्या जगाकडे निघाला की वाटेत एक भयंकर म्हातारी बसलेली असते. तिच्यापुढे वाळूत एक चित्र असतं. जीव जवळ येताना दिसला की ती अर्धं चित्र पुसून टाकते. उरलेलं अर्धं त्याने पुरं करायचं. जमलं तर वाट मोकळी, नाही जमलं तर ती त्याला खाऊन टाकते. म्हणून तिकडे माणसं हयातभर वाळूत बोटाने ती चित्रं काढायला शिकतात, बोट न उचलता, एका सलग रेषेत. २००८ पासून ही कला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. छायाचित्रं पाहिली तर आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची सख्खी बहीण वाटते.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. त्याचं कारण थोडं खासगी आहे.

२०२२ पासून माझ्या उजव्या हाताला कंप आहे. औषधं चालू आहेत, फार तक्रार नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. पण दर वर्षी हयातीच्या दाखल्याला गेलं की सही जुळत नाही. खिडकीपलीकडचा मुलगा चांगला आहे, तो म्हणतो, “आजी, पुन्हा एकदा करा.” मी पुन्हा करते, ती तिसरीच होते. आपण जिवंत आहोत हे सांगायला आपलीच सही काढता येऊ नये, याचं हसू येतं आणि नाहीही येत. एका दुपारी घरात कुणी नसताना नातवाच्या पाटीवर महाराष्ट्राचा नकाशा काढून पाहिला होता. कोकणपट्टीच गुंत्यासारखी झाली. पाटी पुसली आणि कुणाला काही बोलले नाही. पस्तीस वर्षांत जी गोष्ट माझी म्हणून होती, जी मला डोळे मिटून यायची, ती हाताने परत मागून घेतली होती. त्यामुळे ती म्हातारी माझ्या ओळखीची निघाली. ती मेल्यानंतर भेटते असं नाही, आधीही भेटते आणि सावकाश पुसत जाते.

चार-पाच दिवस त्या पुस्तकाला हात लावला नाही. त्याऐवजी एक पातळ पुस्तक वाचलं, सुझन मॉर्गन यांचं, २००६ चं. ते एकाच चित्रफितीवर आहे. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरच्या गावात काढलेली दृश्यं आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओतली दृश्यं, आणि वर बाईंचा आवाज. ‘मला खेड्यात राहायचं आहे’ अशा अर्थाचं नाव. शहरात बसून दूरच्या गावाची चित्रं बघणारी बाई! परक्या गावातल्या खिडकीत बसून मी तेच करत होते, त्यामुळे ते गोड लागलं.

मग जाडं पुस्तक पुन्हा उघडलं आणि या खेपेला बाईंच्या हाताकडे बघायला लागले. त्या चित्र काढतात तेव्हा पुष्कळदा कागदाकडे बघत नाहीत. ऑरगॅनिक हनीच्या काळात कॅमेरा कागदावर आणि त्यांची नजर टीव्हीवर. म्हणजे हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. आणि पुढे लांब काठीच्या टोकाला खडू किंवा ब्रश बांधून, उभ्याने, जमिनीवरच्या कागदावर काढतात. काठी लांब म्हटल्यावर रेघ सरळ यायचा प्रश्नच नाही. ती डगमगते, फुटते, आणि तशीच ठेवतात. ही सगळी चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी मुद्दाम ओढवून घेतलेली अडचण आहे. चांगला चालणारा हात असताना त्यांनी त्याच्यावरचा ताबा आपणहून सोडला!

तिथे मला एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी एका लग्नात एक माणूस पाया पडला. माझा विद्यार्थी, आता एसटीत चालक. मी मास्तरणीच्या सवयीने विचारलं, “काय रे, काही आठवतं का शिकवलेलं?” तो म्हणाला, “बाई, खरं सांगू का? काहीच नाही. पण तुम्ही नकाशा काढताना फळ्याकडे बघायचा नाहीत. आमच्याकडे बघायचात. आम्हाला वाटायचं बाईंना मागेपण डोळे आहेत.” मी तेव्हा हसले होते. थोडी खट्टूही झाले होते, इतकं शिकवून याला एवढंच आठवतं. आणि मी असं करत होते याची मला स्वतःला काही कल्पना नव्हती. अहो, मागच्या बाकावरची मुलं! पाठ फिरवली की खडूचे तुकडे उडायचे. म्हणून अंग अर्धवट वर्गाकडे वळवून, नजर शेवटच्या रांगेवर ठेवून, हात आपला डहाणूपासून खाली निघायचा.

म्हणजे रद्दीत गेलेल्या वह्यांत जे नव्हतं ते त्या एसटीच्या चालकाकडे होतं. माझ्याकडेही नव्हतं. अर्धं चित्र मी पुसून बसले होते आणि दुसऱ्या कुणीतरी ते आपल्याकडे ठेवून दिलं होतं. जोनसबाईंवरची इतकी पुस्तकं का लागतात हे मला तेव्हा कळलं. एकाच बाईच्या हातून ते चित्र पुरं होणार नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. कुणाला आरसा आठवतो, कुणाला ठोकळ्यांचा आवाज, कुणाकडे एक फोटो. माझ्यासारखी, जिने काहीच पाहिलं नाही, तीसुद्धा पलीकडच्या काठावरचं धुणं घेऊन त्यात भर घालते. बाईंना ते चालेल असं वाटतं. २०१५ मध्ये व्हेनिसला अमेरिकेच्या दालनात त्यांनी केलेल्या मोठ्या कामात तर लहान मुलांनाच घेतलं आहे, आणि नोव्हा स्कोशियाकडच्या लोकांच्या तोंडच्या भुताखेतांच्या गोष्टी. २०१८ मध्ये त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, आणि २०२४ चं ते न्यूयॉर्कचं प्रदर्शन उघडलं तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या.

भारतात परत आल्यावर एक दिवस गच्चीवर गेले. वाळवणं घालायची बांबूची काठी घेतली, तिच्या टोकाला दोऱ्याने खडू बांधला. समोर वर्ग नव्हता, म्हणून पाण्याच्या टाकीकडे बघत काढायला सुरुवात केली. रेघ थरथरली. काठी लांब असल्यामुळे जास्तच थरथरली. पण हात अडला नाही. डहाणूहून निघाला तो रेडीला पोचला, तिथून वळला, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, थेट खाली सिरोंचापर्यंत. बघितलं तर गोंदिया भलतीकडे गेलं होतं आणि नंदुरबार जवळजवळ गुजरातेत. शाळेत कुणी असा नकाशा काढला असता तर पाचपैकी दीड गुण दिला असता. तरी मी बराच वेळ बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींनी गच्ची धुतली, सोलापूरच्या अलीकडचं सगळं गेलं, पलीकडचं टाकीच्या आडोशाला राहिलं. मी त्यांना काही बोलले नाही.

मात्र या खेपेला टाचण लिहून ठेवलं आहे. मुख्याध्यापकांच्या सहीची आता गरज नाही, म्हणून जसं होतं तसं लिहिलं.

घटक : महाराष्ट्राचा नकाशा. साहित्य : खडू, काठी, दोरा. कृती : अंग अर्धं वर्गाकडे. उजवा हात फळ्यावर, डोळे मागच्या बाकावर. डहाणूपासून सुरुवात. किनारा एका दमात, मध्ये थांबायचं नाही. रेडीला वळताना खडू थोडा जोरात. सिरोंचा आलं की मुलं ओरडतात, ओरडू द्यावं. मग सातपुड्याने परत. घंटा झाली की पुढच्या तासाच्या शिक्षकांसाठी फळा पुसून ठेवणे.

तुमच्यापैकी कुणी माझ्या वर्गात बसलं असेल आणि यात काही राहून गेलं असं वाटत असेल, तर जरूर सांगा. मला ते ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त आहे.